तेल कोणतं ते नंतर, आधी बेअरिंगच्या आत काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी सत्तरच्या दशकात जर्मनीहून आणलेला थोरेन्स टीडी १६० हा रेकॉर्ड प्लेअर नाशिकच्या घरात २० वर्षं माळ्यावर होता. तो खाली काढून लावलात, तर आलापीच्या शांत जागी खालून घरघर येत होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून मधल्या खिळीवर शिवणयंत्राच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडलेत. घरघर होती तशीच राहिली, वर आता तानपुऱ्याचा सूर डुलायला लागलाय. आणि विचारताय की याहून चांगलं तेल कोणतं.

तेलाचं नाव सांगतोच, पण त्यानं तुमचं काम होणार नाही, कारण तुम्ही घातलेल्या तेलातला एक थेंबही बेअरिंगमध्ये गेलेला नाही. या मशीनवर रेकॉर्ड जिच्यावर बसते ती खिळी आतल्या छोट्या प्लॅटरमध्ये (फिरत्या थाळीत) घट्ट बसवलेली असते, आणि त्याच प्लॅटरच्या पोटाखालून दांडा निघून बेअरिंगच्या नळीत उतरतो. वरून सोडलेलं तेल छोट्या प्लॅटरच्या पाठीवर पसरतं आणि फिरता फिरता कडेला जातं. कडेवरून बेल्ट धावतो. बेल्ट तेलकट झाला की घसरतो, आणि ते घसरणं तानपुऱ्यात सगळ्यात आधी कानाला लागतं. म्हणजे आता तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत: एक जुनी घरघर, दुसरी परवाचं डुलणं. दुसरी सोपी आहे, तिचं शेवटी बघू.

घरघर कुठून येते ते आधी पक्कं करा. मी काहीही उघडण्याआधी हे करतो. छोट्यावर बसणारा मोठा प्लॅटर उचला, बेल्ट काढा, प्लॅटर परत ठेवा. त्यावर रेकॉर्ड ठेवून मोटर चालू करा. बेल्ट नसल्यामुळे प्लॅटर जागचा हलणार नाही. त्या थांबलेल्या रेकॉर्डवर सुई अलगद टेकवा आणि आवाज नेहमीइतका करा. घरघर आली तर ती मोटरची आहे, मुख्य बेअरिंगचा तिच्याशी संबंध नाही. मोटर बंद केल्यावरही एकसुरी गुणगुण राहिली तर ती अर्थिंगची किंवा वायरींची. आणि या स्थितीत सगळं शांत असेल, पण बेल्ट चढवून प्लॅटर फिरायला लागल्यावरच आवाज येत असेल, तर बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. आवाजाला ठेका आहे का तेही ऐका. ३३⅓ फेऱ्यांच्या हिशोबात एक फेरी १.८ सेकंदांची होते. तेवढ्या अंतरानं तोच आवाज परत परत येत असेल तर बेअरिंग नाहीतर वाकडी रेकॉर्ड. रेकॉर्ड बदलून बघितलीत की कळेल.

माझ्याकडे ‘बेअरिंग गेलंय’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच मशीनांत शेवटी मोटरच कोरडी निघते. त्यात नवल काही नाही. टीडी १६० ची मोटर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३७५ फेरे मारते आणि प्लॅटर ३३. तेल आधी कोणाचं सुकणार? (जर्मनीहून आलाय म्हणून तुमची मोटर आपल्या विजेला जुळते. अमेरिकेहून आलेला असता तर ६० हर्ट्झची पुली बदलल्याशिवाय सगळे गवय्ये सावकाश गायले असते.)

आता बेअरिंगच आहे असं धरून चालू. आतली रचना अगदी साधी आहे. एक नळी, तिच्यात वर आणि खाली एकेक ब्रॉन्झचं बुश (दांडा धरून ठेवणारी कडी), त्यांतून उभा जाणारा पोलादी दांडा. दांड्याचं खालचं टोक गोलसर असतं आणि ते तळाच्या चकतीवर टेकतं. दोन्ही प्लॅटर मिळून सुमारे तीन किलोचं वजन त्या एका टोकावर उभं असतं. बुशचं काम फक्त दांड्याला डुलू न देणं, भार घेते ती तळाची चकती.

इथे एक हिशोब मांडतो, कारण तेलाची निवड त्यावर ठरते. दांडा धरा १० मिलिमीटर जाडीचा. त्याचा घेर साधारण ३१ मिलिमीटर. १.८ सेकंदांत एक फेरी म्हणजे दांड्याचा पृष्ठभाग सेकंदाला १७-१८ मिलिमीटर सरकतो. मुंगीची चाल झाली ही. गाडीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट इतका जोरात फिरतो की तेल स्वतःच ओढलं जाऊन मध्ये थर तयार होतो आणि शाफ्ट त्यावर तरंगतो. आपल्या मुंगीच्या चालीला तसा थर धड तयार होत नाही. धातूला धातू जवळजवळ लागलेलाच असतो, मध्ये तेलाचा जेमतेम पापुद्रा. म्हणून शिवणयंत्राचं पातळ तेल इथे कमी पडतं. ते वेगानं हलणाऱ्या, हलक्या भागांसाठी आहे. इथे भार जास्त आणि वेग नगण्य, तेव्हा थोडं जाडसर तेल हवं, जे टोकाखालून लगेच सटकणार नाही.

मग ग्रीस का नको, असं कोणी ना कोणी विचारतंच. कारण ग्रीस दांड्यानं एकदा बाजूला सारलं की तिथेच बसून राहतं, परत येत नाही. तेल परत जागेवर वाहून येतं. ग्रीससाठीच घडवलेली बेअरिंग आहेत. गॅरार्ड ३०१ च्या सुरुवातीच्या मशीनांना ग्रीस लागायचं, नंतरच्यांना तेल. तिथे जे मुळात होतं तेच घालायचं. तेलाच्या बेअरिंगला ग्रीस आणि ग्रीसच्या बेअरिंगला तेल, दोन्ही चुकीचं.

उघडायची रीत सांगतो. आधी सुईला टोपी घाला आणि आर्म त्याच्या विसाव्यावर अडकवून टाका. मोठा प्लॅटर काढा, बेल्ट काढा. छोटा प्लॅटर दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर ओढा, पण सावकाश. नळीत हवा धरलेली असते, त्यामुळे घट्ट बुचाची बाटली उघडताना होतं तसं वाटेल. इथे नवखी माणसं एक चूक करतात. टीडी १६० चं बेअरिंग आणि आर्म स्प्रिंगांवर टांगलेल्या पत्र्यावर असतात. नुसता प्लॅटर ओढलात तर तो पत्राही बरोबर वर येतो आणि स्प्रिंगा ताणल्या जातात. म्हणून दुसऱ्या माणसाला म्हणायचं, जरा दोन बोटांनी पत्रा दाबून धर. दांडा बाहेर आला की टेबलावर टोकावर उभा करू नका, स्वच्छ फडक्यावर आडवा ठेवा. त्या टोकाला ओरखडा गेला तर पुढचं सगळं व्यर्थ. काही मशीनांत टोकाखाली सुटा छर्रा असतो आणि तो तेलानं दांड्यालाच चिकटून वर येतो. एकदा असाच एक छर्रा आमच्या दुकानात जमिनीवर पडून कपाटाखाली गेला आणि अख्खी दुपार मी पोटावर झोपून बॅटरी मारत होतो. तेव्हापासून खाली एक परात ठेवतो.

आता दांडा एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर पुसा आणि तो कागद खिडकीशी नेऊन तिरका धरा. वर्तमानपत्र नको, शाई मिसळते. नुसता पिवळट तेलकट डाग असेल तर आत सगळं ठीक आहे. तपकिरी, चिकट, गुळाच्या पाकासारखं काही निघालं तर जुनं तेल वाळून राळ झालंय. एवढी वर्षं पडून राहिलेल्या मशीनात मला हेच अपेक्षित आहे आणि ते साफ होतं. करडा-काळा डाग म्हणजे पोलादाची झीज किंवा नुसतं म्हातारं तेल, यावर लगेच निकाल देऊ नये. मात्र डागात सोनेरी चमचम दिसली, तर ती बुशची झीज आहे.

मग नळीत बॅटरी मारून तळ बघा. चकतीवर मोहरीएवढा चकचकीत ठिपका दिसणं स्वाभाविक आहे, तिथेच टोक टेकतं. ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला असेल तर टोक चकतीत रुतलंय, आणि कोणतंही तेल तो खड्डा भरून देणार नाही. चकती बदलावी लागेल.

सफाईबद्दल मी जरा हट्टी आहे. जुन्या तेलावर नवं तेल ओतणं म्हणजे शिळ्या आमटीत ताजी आमटी. दांडा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, खुशाल. नळीत मात्र पेट्रोल, थिनर, कार्ब क्लीनर असलं काही ओतू नका. अशी बुश बहुतेक वेळा सिंटर्ड ब्रॉन्झची असतात, म्हणजे धातूची पूड दाबून-भाजून केलेली. त्यांच्या बारीक छिद्रांत कारखान्यातच तेल भरलेलं असतं, आणि ती वर्षानुवर्षं ते थोडं थोडं सोडत राहतात. पेट्रोल आत गेलं की ते साठवलेलं तेल धुऊन निघतं. शिकाऊ असताना पुण्यातल्या तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात मी हेच केलं होतं. बुश पेट्रोलनं असं काही लखलखीत धुतलं की उस्तादांनाही दाखवलं. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं, प्लॅटर फिरताना चिमणीसारखा चिवचिवत होता. उस्ताद काही बोलले नाहीत. बुश कोमट तेलात दोन दिवस बुडवून ठेवायला लावलं आणि ते दोन दिवस मला दुसरं काम दिलं नाही.

तेव्हा नळी पुसायची ती कोरड्या फडक्यानं. धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या धोतराची पट्टी बांबूच्या काडीला गुंडाळा, आत फिरवा, काढा, पट्टी बदला. कानात घालायच्या कापसाच्या काड्या वापरू नका, त्यांचे तंतू आत राहतात. पट्टी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागली की थोडं नवं तेल घालून, दांडा बसवून हातानं वीस-पंचवीस फेरे द्या, काढा आणि तेही पुसून घ्या. तेलानंच तेल धुवायचं. दोनदा केलंत की पुरे.

आता तुमचा प्रश्न. साधं खनिज तेल, टर्बाइन किंवा हायड्रॉलिक जातीचं, आयएसओ व्हीजी ६८. तुमच्या नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये ओळख काढा, बॅरलमधून ५० मिली मागून घ्या, जन्मभर पुरेल. मात्र नवं तेल मागा, मशीनमधून काढलेलं नको. हा ६८ आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा किती ते. २० अंशांना तेच तेल अडीच पटीहून अधिक घट्ट होतं. युरोपातल्या मॅन्युअलमध्ये सुचवलेलं तेल तिथल्या खोलीच्या हिशोबाचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात तेच तेल पाण्यासारखं वागेल. म्हणून मी आपल्याकडे पुस्तकात सांगितलेल्या श्रेणीपेक्षा एक पायरी वर जातो. तुम्ही बारमाही एसीत ऐकत असाल तर ४६ सुद्धा चालेल. इथे माझं काही वेदवाक्य नाही. बेअरिंग किती सैल झालंय यावरही हे अवलंबून आहे, थोडी झिजलेली जोडी जाड तेलात शांत होते.

नको असलेल्यांची यादी मोठी आहे, दोन-तीनच सांगतो. डब्ल्यूडी-४० हे वंगण म्हणून घालू नका. १९५३ मध्ये ते ओल हटवण्यासाठी बनवलं गेलं, त्याच्या नावातच ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ आहे. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि जाता जाता चांगलं तेलही पातळ करून जातो. गाडीचं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल अडचणीत मीही घातलंय, मशीन मेलं नाही. पण त्यातली डिटर्जंटं कचरा तरंगत ठेवण्यासाठी असतात, इंजिनात तो पुढे फिल्टरमध्ये अडकतो. इथे फिल्टर कुठे आहे?

आणि खोबरेल. हसू नका. कोकणातून पुण्यात आलेल्या एका काकांचा प्लेअर दर डिसेंबरात सकाळी फिरायचा नाही, दुपारी आपोआप फिरायला लागायचा. तीन हिवाळे त्यांनी तीन मेकॅनिक केले. मी दांडा काढला आणि वास घेतला. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, हे काकूंना डोक्याच्या तेलाच्या बाटलीवरून माहीत होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

ऑडिओवाल्यांच्या इवल्याशा बाटलीतलं महागडं तेल घ्यावं का? त्यानं नुकसान होत नाही. तुमच्या समाधानासाठी घ्या हवं तर. पण साफ नळीतलं साधं तेल हे राळेवर ओतलेल्या महाग तेलापेक्षा केव्हाही चांगलं.

किती घालायचं हे तेलाच्या जातीपेक्षा महत्त्वाचं आहे. सुई काढलेल्या सिरिंजनं आधी अर्धा मिली तळाशी सोडा. दांडा नळीच्या तोंडाशी उभा धरा आणि हात सोडा. तो लगेच खाली जाणार नाही. खाली कोंडलेली हवा बुशच्या फटीतून हळूहळू निघते तसा तो उतरतो, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. दाबू नका, गोल फिरवून घाई करू नका. चहा करून घ्या. उलट दांडा धपकन खाली गेला, तर एक तर तेल कमी आहे किंवा बुश सैल आहे. पूर्ण उतरल्यावर तासाभरानं पुन्हा काढून बघा. दांड्यावर तेलाची ओल वरच्या बुशच्या जागेपर्यंत चढलेली दिसली पाहिजे. खालीच थांबली असेल तर अजून दोन-चार थेंब. वर तोंडाशी तेल साचून सांडत असेल तर जास्त झालं, पुसून घ्या, नाहीतर ते परत बेल्टवर जाईल.

मग मोठा प्लॅटर चढवा. कडेला समोरासमोर दोन बोटं ठेवून आळीपाळीनं हलकं दाबा. प्लॅटर स्प्रिंगांवर अख्खा डोलेल, ते सोडा. बोटाला टक-टक असा वेगळा खेळ लागतो का बघा. तो बुशमधला खेळ. बेल्ट न चढवता हातानं एक फेरा द्या आणि थांबेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. हा आकडा लिहून ठेवा, पण फक्त स्वतःसाठी. लोक यात शर्यती लावतात, माझा इतकी मिनिटं फिरला आणि तुझा तितकी. पातळ तेल घातलं तर प्लॅटर जास्त वेळ फिरणारच, त्यानं बेअरिंग चांगलं ठरत नाही. पुढच्या वर्षी त्याच मशीनचा त्याच तेलातला आकडा निम्म्यावर आला, तर मात्र उघडून बघायची वेळ झाली.

हे दर किती दिवसांनी? कामाच्या तासांवर आहे. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ च्या मॅन्युअलमध्ये दर २००० तासांनी दोन-तीन थेंब असं लिहिलंय. रोज एक तास ऐकलंत तर ही साडेपाच वर्षं झाली. डायरेक्ट ड्राइव्हचं, म्हणजे बेल्टशिवाय मोटर थेट प्लॅटर फिरवते त्या मशीनचं, ते बेअरिंग वेगळं, पण अंदाज म्हणून वाईट नाही. मी बेल्टवाल्यांना तीन-चार वर्षांनी दांडा काढून कागदावर पुसायला सांगतो. डाग स्वच्छ असेल तर तसाच परत ठेवायचा. मुंबई-कोकणात, जिथे पावसाळ्यात टाचणीही गंजते, तिथे थोडं लवकर. आणि मशीन हलवायचं असेल तर दोन्ही प्लॅटर काढूनच. आडवं-तिरकं झालं की तेल नळीतून बाहेर येतं. तुमचा प्लेअर माळ्यावर कुशीवर उभा करून ठेवलेला होता का, आठवून बघा. असेल तर आत थेंबही उरला नसेल.

आता डुलणं. बेल्ट कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बोटांनी चोळून धुवा, सावलीत वाळवा. छोट्या प्लॅटरची कड आणि मोटरची पुली अल्कोहोलनं पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत. पावडर लावू नका. धुतलेला बेल्ट ताटात सैल ठेवल्यावर लाटा पडल्यासारखा किंवा रुंद झालेला दिसला तर रबर तेलानं फुगलंय, नवा घ्यावा लागेल.

क्रम परत सांगतो, कारण मी मधे भरकटलो: आधी थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवून मोटर तपासा, मग बेल्ट आणि कडा धुऊन दोन दिवस ऐका. घरघर तरीही राहिली आणि मोटर निर्दोष असेल, तरच दांडा काढा, कागदावर पुसा, तळ बघा, नळी साफ करा आणि मग ६८ नंबरचं तेल. मोटर दोषी निघाली तर तिला हे जाड तेल घालू नका. तिच्या बुशला पातळ तेलाचा एकेक थेंब लागतो, आणि तुमच्याकडची शिवणयंत्राच्या तेलाची बाटली तिथे उपयोगी पडेल.

कागदावर सोनेरी कण दिसले तर तो कागद फेकू नका. उन्हात तिरका धरून जवळून फोटो काढा, शेजारी मोहरीचा एक दाणा ठेवा म्हणजे आकाराचा अंदाज येईल, आणि मला दाखवा. पिठासारखी पूड असेल तर जाड तेलावर अजून काही वर्षं निघतील. उघड दिसणारे किस असतील तर नवं बुश लेथवर करून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी दांड्याची जाडी मायक्रोमीटरनं वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून लागेल.